शाळा सुटल्यानंतरची नोकरी

आखातात शिकवायला जायचं ठरलं की पहिले काही महिने कागदांमागे जातात. पदवीची आणि बीएडची प्रमाणपत्रं आधी मंत्रालयातून, मग परराष्ट्र खात्याकडून, मग अमिरातीच्या वकिलातीतून साक्षांकित करून घ्यायची. अनुभवपत्रं गोळा करायची, वैद्यकीय तपासणी करायची. मिरजेहून मी हे सगळं केलं तेव्हा आधी गेलेल्या मैत्रिणींनी एकेका शिक्क्याबद्दल बारकाईनं सांगितलं होतं. फोनबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. दुबई आणि शारजातल्या सीबीएसई शाळांमध्ये मी दशकभराहून अधिक काळ भौतिकशास्त्र शिकवलं, शेवटची काही वर्षं पर्यवेक्षिका म्हणून काम केलं. परत आल्यावर आता नव्यानं जाणारे शिक्षक चौकशीला येतात, तेव्हा शिक्क्यांच्या आधी मी फोनचाच विषय काढते.

रुजू होताना एक जाड फाइल सहीसाठी पुढे येते. करार, गणवेशाचे नियम, रजेचे नियम आणि समाजमाध्यमांचं धोरण. शाळेच्या नावाला बाधा येईल असं काही लिहिणार नाही. विद्यार्थ्यांना आणि पालकांना फेसबुकवर मित्र करून घेणार नाही. शाळेच्या खात्यावरचा सगळा मजकूर शाळेच्या मालकीचा आहे हे मला मान्य आहे. यातली पहिली दोन कलमं वाचताक्षणी समजतात. तिसऱ्याचा अर्थ उमगायला वर्षं जातात. शाळेनं दिलेला ईमेल, लॅपटॉप, मायक्रोसॉफ्ट टीम्सवरचं चॅट या सगळ्याची किल्ली आयटी विभागाकडे असते. डिलीट केलेला ईमेलसुद्धा ठरावीक काळ परत काढता येतो. दोन शिक्षिका एकमेकींशी खासगी चॅटवर बोलतात तेव्हा ते बोलणं स्टाफरूममधल्या तिसरीपासून खासगी असतं. ज्या संस्थेनं ते खातं उघडून दिलं, तिला ते हवं तेव्हा शोधून वाचता येतं.

इथवरचं भारतातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीत घडतं. परदेशातल्या शिक्षकाचं वेगळं काय, हे मला स्टाफरूममध्ये कोण किती बोलतं यावरून कळत गेलं. काही शिक्षिका नवऱ्याच्या व्हिसावर होत्या. शाळेशी त्यांचा संबंध लेबर कार्डापुरता, म्हणजे कामाच्या परवान्यापुरता. त्या पगारवाढीबद्दल, वाढवलेल्या तासिकांबद्दल मोकळेपणानं बोलत. ज्यांचा व्हिसा शाळेचा, ज्यांच्या मुलांना त्याच शाळेत फीमध्ये सवलत, ज्यांच्या घराचं भाडं त्या एका पगारातून जायचं, त्या मान खाली घालून वह्या तपासत राहत. नोकरी गेली तर ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर मुलांची शाळा मध्येच सोडवून देश सोडायचा. इतकं सगळं एका सहीवर टांगलेलं असताना नजर ठेवण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. आपल्याकडे कुणीतरी बघत असेल एवढी शंका पुरते.

त्यात तिथला कायदा. अमिरातीत सायबर गुन्ह्यांविरुद्ध २०१२चा कायदा होता, त्याची जागा २०२१च्या नव्या कायद्यानं घेतली आणि तो २ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. ऑनलाइन कुणाचा अपमान करणं हा तिथं फौजदारी गुन्हा आहे. त्याला कैद होऊ शकते आणि दंड अडीच लाख ते पाच लाख दिरहम. सीबीएसई शाळेतल्या शिक्षिकेच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी ही रक्कम होते. त्यामुळे एखाद्या पालकानं शिक्षिकेच्या पोस्टवर हरकत घेतली की प्रिन्सिपॉलच्या मनात दोन भीती एकदम उभ्या राहतात: तक्रार पोलिसांत गेली तर काय, आणि शाळेचं नाव खराब झालं तर काय. दुसरी भीती पहिलीइतकीच खरी असते. दुबईत खासगी शाळांची तपासणी केएचडीए ही सरकारी संस्था करते, तिचे शेरे जाहीर होतात, आणि फी किती वाढवता येईल हेही बराच काळ त्या शेऱ्याशी जोडलेलं होतं. शाळा म्हणजे तिथं मोठी गुंतवणूक आहे. शिक्षिकेच्या स्टेटसकडे कुणाचं लक्ष का जातं, हे या हिशेबाशिवाय समजणार नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. आम्ही त्या भागातल्या चार-पाच जणी दिवसभर फोनमध्ये डोकं घालून होतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ नदीची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, घरच्यांचे फोन लागेनात. आमच्यातल्या एकीचं माहेर शिरोळ तालुक्यात. तिनं स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गावातल्या तरुण मंडळाचा खातेक्रमांक टाकला आणि जमेल तेवढी मदत करा असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एचआरमध्ये बोलावणं आलं. अमिरातीत परवानाधारक संस्थेशिवाय कुणालाही देणग्या गोळा करता येत नाहीत. दुबईत त्यासाठी २०१५चा आदेश होता, पुढे २०२१ मध्ये संघराज्याचा कायदाही झाला. चांगल्या कामासाठी आवाहन केलं म्हणून अडचणीत आलेली माणसं तिथं आहेत. एचआरच्या अधिकाऱ्यानं तिला हे समजावलं, मेसेज काढायला लावला आणि लेखी समज दिली. त्यानं तिला वाचवलं असंही म्हणता येईल, आणि मी तसं म्हणते.

पण त्या समजपत्राला त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडलेला होता. ग्रुप आमच्या स्वतःच्या फोनवरचा होता, त्यात एचआरचं कुणी नव्हतं. म्हणजे आमच्यातल्याच कुणीतरी तो पाठवला होता. कुणी, ते कळलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. मात्र त्या आठवड्यापासून ग्रुप बदलला. आधी त्यावर कुणाच्या मुलाचा ताप, कुणाची डब्याची भाजी, सुट्टीच्या तिकिटांचे दर असं सगळं यायचं. मग फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फुलांची चित्रं उरली. पुरात ज्यांची घरं बुडाली त्यांच्याशी बोलण्यासाठी आम्ही बसस्टॉपजवळ थांबत होतो. शाळेकडे कुठलंही खास सॉफ्टवेअर नव्हतं, तरी जे व्हायचं ते झालं. परदेशात सहकारी हेच आपलं नातेवाईक-मंडळ असतं. ते एकमेकांना बिचकू लागलं की माणूस किती एकटा पडतो, हे मी त्या ऑगस्टात पाहिलं.

पुढच्या मार्चमध्ये यंत्रंही आली. ८ मार्च २०२० पासून अमिरातीतल्या शाळा बंद झाल्या, २२ मार्चपासून दूरशिक्षण सुरू झालं. वर्ग टीम्सवर गेले. प्रत्येक तास रेकॉर्ड होऊ लागला, पर्यवेक्षक न सांगता वर्गात येऊन बसू लागले, मुलांच्या मागे आईवडील ऐकत असत. टीम्सवर पाच मिनिटं हालचाल झाली नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. काही शाळांमध्ये या पिवळ्या ठिपक्याबद्दल विचारणा व्हायला लागली. कागदावर वीजमंडलाची गणितं सोडवून बघणाऱ्या शिक्षिकेनं मध्येच जाऊन माउस हलवून यायचं, असे ते दिवस होते.

त्याच काळातली एक गोष्ट मला फार लागली. अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून आवाजी किंवा व्हिडिओ कॉल होत नाही. घरी बोलायला बोटिमसारखी परवानगी असलेली अॅप वापरावी लागतात. दूरशिक्षणासाठी टीम्स आणि झूम मात्र खुली झाली होती. आमच्या एका सहकारी शिक्षिकेचे वडील नाशिकला आजारी पडले. विमानं बंद होती. ती रात्री शाळेच्या टीम्स खात्यावरून भावाला लिंक पाठवायची आणि वडिलांना बघायची, कारण त्या लॅपटॉपवर चित्र नीट यायचं. महिन्याअखेरीच्या आढाव्यात तिच्या खात्यावर रात्रीच्या बैठका दिसल्या. तिला विचारलं गेलं, बाहेरच्या व्यक्तीबरोबर या बैठका कशाच्या? तिनं सांगितलं, आणि विचारणारा माणूस खजील झाला. कारवाई झाली नाही. पण आपण वडिलांकडे बघत असतानाच्या वेळा कुठल्या तरी तक्त्यात एकाखाली एक मांडलेल्या होत्या, ही गोष्ट तिच्या मनातून गेली नाही. त्यानंतर तिनं शाळेच्या यंत्रावरून कधी कुणाला फोन केला नाही.

एप्रिल २०२० मध्ये दुसरीही बाजू दिसली. अमिरातीतल्या काही भारतीयांनी समाजमाध्यमांवर मुस्लिमांबद्दल विखारी मजकूर लिहिला आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या. भेदभाव आणि द्वेषाविरुद्ध तिथं तेव्हा २०१५चा कायदा होता. २० एप्रिलला भारताचे तिथले राजदूत पवन कपूर यांनी भारतीयांना जाहीरपणे आठवण करून दिली की भेदभाव आपल्या नीतीत बसत नाही आणि कायद्यातही बसत नाही. स्टाफरूममध्ये यावर कुजबुज झाली. घरी बसून लिहिलेल्या गोष्टीसाठी नोकरी कशी जाते, असा काहींचा सूर होता. मला तो पटला नाही. माझ्या वर्गात केरळचे, हैदराबादचे, लखनौचे मुस्लिम विद्यार्थी असत. रात्री त्यांच्या आईवडिलांबद्दल विष लिहिणारी व्यक्ती सकाळी त्यांच्या प्रात्यक्षिकाला निःपक्ष गुण देईल यावर मी विश्वास ठेवणार नाही, आणि पालकांनीही ठेवू नये. शिक्षकाचं ऑनलाइन वागणं पूर्णपणे त्याचं खासगी, असं मी म्हणत नाही ते यामुळे.

मुलांच्या छायाचित्रांबद्दलही माझं मत तिथंच पक्कं झालं. शिक्षकदिनाला मुलं कार्ड देतात, केक कापतात, शिक्षिका फोटो काढून टाकतात. भारतात आपण यात वावगं काही बघत नाही. आमच्या शाळेत अशाच एका फोटोवरून एक आई कार्यालयात आली. मुलाच्या ताब्यावरून नवरा-बायकोचा वाद चालू होता, मूल कुठल्या शाळेत आहे हे तिनं लपवलं होतं, आणि शिक्षिकेच्या फोटोत गणवेशावरचा बिल्ला स्पष्ट दिसत होता. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो प्रसिद्ध करणं तिथं गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. तो नियम का आहे हे त्या आईच्या चेहऱ्यावरून समजलं. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेनं शिक्षकांची सार्वजनिक खाती अधूनमधून पाहिली तर मी तिच्या बाजूनं उभी राहीन.

शिकवण्यांचं प्रकरण मधलं आहे. तिथं खासगी शिकवणी परवान्याशिवाय घेता येत नाही. फेसबुकच्या ग्रुपवर ‘दहावीसाठी गणित, घरी येऊन’ अशी जाहिरात दिली की ती शाळेत पोहोचायचीच. कित्येकांना त्यासाठी समज मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं शिक्षकांसाठी दोन वर्षांचा निःशुल्क शिकवणी परवाना सुरू केला, आणि जी गोष्ट लपूनछपून चालायची ती उघड्यावर आली. नियम स्पष्ट झाला की पाळत ठेवण्याची गरजच कमी होते, हे त्यातून मी शिकले.

पर्यवेक्षिका झाल्यावर मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. नव्या नेमणुकांच्या वेळी उमेदवारांची फेसबुक, इन्स्टाग्राम खाती उघडून बघण्याची पद्धत होती. कुणी काय बघायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं. एका उमेदवाराचा अर्ज उत्तम होता, नमुना पाठ त्याहून चांगला झाला होता. समितीतल्या एका अधिकाऱ्यानं तिचं खातं पडद्यावर आणलं. जुना फोटो होता: तोंडभर गुलाल, डोक्याला फेटा, हातात लेझीम, मागे ढोल आणि गर्दी. तो म्हणाला, ही कसली मिरवणूक आहे, राजकीय दिसते, नको. तो दुसऱ्या देशातला होता, त्याला कळण्याचं कारण नव्हतं. मी सांगितलं, ही गणपती विसर्जनाची मिरवणूक आहे, माझ्या गावात दरवर्षी निघते आणि शिक्षकही तीत नाचतात. तिची नेमणूक झाली. पण मी त्या खोलीत नसते तर? ज्यांचे फोटो समजावून सांगायला समितीत त्यांच्याकडचं कुणी नव्हतं, अशा उमेदवारांचं काय झालं असेल? नाकारलेल्यांना कारण सांगण्याची पद्धत नव्हती. त्यांना आयुष्यभर वाटत राहणार की आपला पाठ चांगला झाला नाही.

त्या दिवसानंतर मी एक आग्रह धरला. बघायचं असेल तर काय बघणार हे कागदावर असावं. मुलांना धोका वाटेल असं काही, कुठल्याही समाजाविरुद्ध द्वेष, आणि पात्रतेबद्दल खोटा दावा, या तीन गोष्टींपलीकडे कुणाचं खातं चाळू नये. काही आढळलंच तर निर्णयाआधी त्या व्यक्तीला विचारावं. व्यवस्थापनानं यातला पहिला भाग मान्य केला. उमेदवाराला विचारण्याचा मुद्दा त्यांना वेळखाऊ वाटला. पर्यवेक्षिका म्हणून माझ्या हातात होतं तिथं मी विचारत राहिले, आणि बहुतेक वेळा एका फोनवर शंका मिटायची.

हे मागणं माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठानं ५ सप्टेंबर २०१७ रोजी रुमानियातल्या एका कर्मचाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. कामासाठी उघडलेल्या मेसेंजर खात्यावरून तो आपल्या वाग्दत्त वधूशी आणि भावाशीही बोलला होता. कंपनीनं ते वाचलं आणि त्याला काढलं. कर्मचाऱ्याला आधी कल्पना दिली होती का, नजर किती खोल होती, तिला योग्य कारण होतं का, कमी त्रासाचा मार्ग होता का, हे तपासायला हवं होतं, असं न्यायालयानं म्हटलं. नाशिकच्या वडिलांकडे बघणाऱ्या माझ्या सहकारिणीला हे चारही प्रश्न लागू पडतात. त्याच वर्षी २४ ऑगस्टला भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं होतं. आखातातल्या खासगी शाळेला या दोन्ही निकालांचं बंधन नाही. पण न्याय्य वागायला निकालाची सक्ती लागतेच असं नाही.

नजरेखाली राहून शिक्षक बदलतो, ही माझी खरी चिंता आहे. सुरुवातीला तो पोस्ट टाकणं थांबवतो. मग लाइक करणं थांबवतो. मग स्टाफरूममध्ये बोलणं. शेवटी वर्गात. एका हुशार मुलीनं बारावीच्या तासाला अणुऊर्जा शिकताना विचारलं होतं की अशा प्रकल्पांना काही गावं विरोध का करतात. अमिरातीचा बराका प्रकल्प तेव्हा सुरू होत होता, आमच्याकडे जैतापूरचा वाद सगळ्यांना माहीत. विज्ञानाच्या तासाला याहून चांगला प्रश्न कुठला? तास रेकॉर्ड होत होता. शिकवणारा तरुण शिक्षक म्हणाला, हे परीक्षेला नाही. मी मागे बसून निरीक्षण करत होते. तास संपल्यावर मी त्याला म्हटलं, किरणोत्सर्ग, कचरा, थंड करण्यासाठी पाण्याची गरज, भूकंपाची शक्यता, एवढं तर सांगता आलं असतं, यात कुणाचा अपमान नाही. तो म्हणाला, मॅडम, काय चालतं आणि काय नाही हे मला नक्की माहीत नाही, म्हणून मी काहीच बोलत नाही.

माझ्या सगळ्या अनुभवाचं सार त्याच्या त्या वाक्यात आहे. तो कायदा मोडायला निघाला नव्हता, त्याला काही लपवायचंही नव्हतं. सीमा कुठं आहे ते न सांगितल्यामुळे त्यानं स्वतःच ती फार आत ओढून घेतली, आणि त्याची किंमत एका मुलीच्या प्रश्नानं मोजली. ती मुलगी पुढे त्या वर्गात असा प्रश्न विचारेल का?

हा विषय आता समुद्रापलीकडचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानं कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरासाठी परिपत्रक काढलं. खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका, असं त्यात आहे. गावातल्या ओळखीच्या शिक्षिका आता मला तेच प्रश्न विचारतात जे आखातात जाणारे विचारतात.

जाणाऱ्यांना मी हे सांगते. शाळेच्या यंत्रावर फक्त शाळेचं काम करा, घरच्यांशी स्वतःच्या फोनवरून परवानगी असलेल्या मार्गानं बोला. सही करण्यापूर्वी समाजमाध्यमांचं धोरण मागून घ्या, न समजलेलं कलम ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मुलांचे चेहरे टाकू नका. देणगीचं आवाहन पुढे पाठवू नका, मदत परवानाधारक संस्थेमार्फत द्या. ज्या समाजात राहता त्याच्याबद्दल द्वेष लिहू नका, आणि मनातही बाळगू नका. सहकाऱ्याचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवण्याआधी त्याच्याशी बोला.

शाळा चालवणाऱ्यांना सांगण्याची संधी मला कमी मिळते, म्हणून इथं लिहिते. तुम्ही काय बघता ते पहिल्याच आठवड्यात शिक्षकांसमोर वाचून दाखवा. काय बघत नाही तेही त्याच कागदावर लिहा. आक्षेप आला तर आधी शिक्षकाचं ऐका, मग ठरवा. एवढं केलंत तर तो तरुण शिक्षक पुढच्या वेळी अणुऊर्जेच्या प्रश्नाचं उत्तर देईल, आणि तुमच्या शाळेचं नाव कुठल्याही पोस्टपेक्षा त्या उत्तरानं अधिक मोठं होईल.